सोनं गाळण्याची विद्या

जुना डाग मुशीत घातला, भट्टी पेटली, सोन्याचं पाणी झालं, की सोनं शुद्ध झालं, अशी समजूत घरोघरी असते. ती चुकीची आहे. तांबं मिसळलेलं सोनं दिवसभर भट्टीत ठेवलं तरी त्यातलं बहुतेक तांबं सोन्यातच राहतं. वितळल्यावर दोन्ही धातू उलट आणखी एकजीव होतात. वितळवणं ही फक्त पहिली पायरी आहे. शुद्धीचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. देशभरातल्या सराफ बाजारांत ते करणारी माणसं पाहिली, तर त्यांतली फार मोठी संख्या एकाच मुलखातली निघते: सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, कडेगाव हे तालुके आणि त्यांना लागून असलेले साताऱ्यातले खटाव नि माण. या धंद्याला तिकडं 'गलाई' म्हणतात आणि धंदा करणाऱ्यांना 'गलाई बांधव'.

खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या बाजारात कुणाला विचारा, घरातलं निदान एक माणूस 'गलाईला' असतं. कुणी कोइम्बतूरला, कुणी त्रिशूरला, कुणी चेन्नईला, कुणी कोलकात्याला, तर कुणी दिल्लीला. दुष्काळी टापूतल्या शेतकरी घरांतली ही माणसं परंपरेनं सोनार नव्हेत. तरीही सोन्याच्या शुद्धतेबद्दल त्यांच्या शब्दावर हजारो मैलांवरचे सराफ व्यवहार करतात. या माणसांच्या हातात नेमकी कोणती विद्या आहे, हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही. ते सविस्तर सांगावं म्हणून हा लेख.

आधी मुलूख पाहू. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण-खटावात तो पाचशेच्या आसपास उरतो. सह्याद्रीनं ढग अडवले की पलीकडं पर्जन्यछाया. येरळा, माणगंगा, अग्रणी या तिकडच्या नद्या, पण वर्षातले बरेच महिने त्यांच्या पात्रात वाळूच दिसायची. 1949 साली साताऱ्याचा दक्षिण भाग तोडून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे विटा एका जिल्ह्यात आणि खटावमधलं मायणी दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. सोयरिकी, बाजार आणि दुष्काळ मात्र दोन्हीकडं एकच राहिला. कृष्णेचं पाणी उचलून आणणारी टेंभू योजना व्हावी म्हणून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेतल्या. ते पाणी शिवारात पोचेपर्यंत दोन-तीन पिढ्यांना पोटासाठी बाहेर पडावंच लागलं. ज्याचं दुकान बसलं, त्यानं भाच्याला, पुतण्याला, मेहुण्याला बोलावून घेतलं. पोरगं आधी झाडलोट करायचं, मग भट्टीला बसायचं, मग तेजाबाचं काम शिकायचं आणि चार-सहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान मांडायचं. भांडवल म्हणून एक भट्टी, काही मुशी, काटा आणि बाजारात पत, एवढं पुरे. पत मात्र विकत मिळत नाही, म्हणून सुरुवात नेहमी नात्यातल्या माणसाच्या दुकानातच.

आता दुकानात काय चालतं ते क्रमानं पाहू.

सराफाकडून मोड येते. मोड म्हणजे मोडीत काढलेले दागिने: तुटलेली साखळी, आजीच्या पाटल्या, एकाच कानातलं उरलेलं फूल. पहिलं काम त्यातलं सोनं नसलेलं काढण्याचं. मोती, पोवळी, खडे चिमट्यानं उचकटायचे. पोकळ दागिन्यांत आकार टिकावा म्हणून लाख भरलेली असते. ती तापवून जाळून टाकावी लागते, नाहीतर वजनात लाखच सोन्याच्या भावानं जायची. अनुभवी माणूस मण्याला नुसतं बोटांत फिरवून, काट्यावर टाकायच्या आधीच आत लाख आहे का ते सांगतो.

मग कस. कसोटीचा दगड काळा, बारीक कणांचा, गुळगुळीत असतो. त्यावर दागिना घासला की पिवळी रेघ उठते. तिच्या शेजारी माहीत असलेल्या शुद्धतेच्या सळईची रेघ ओढायची आणि दोन्हींवर नायट्रिक आम्लाचा थेंब सोडायचा. तांबं जास्त असेल तर रेघ हिरवट होऊन विरून जाते, 22 कॅरेटची टिकते. 22 कॅरेट म्हणजे 24 भागांत 22 भाग सोनं, टक्क्यांत 91.6. दागिन्यावर 916 हा आकडा असतो तो हाच. कस बघणाऱ्याची नजर तयार व्हायला वर्षं लागतात, कारण दोन रेघांतला फरक अगदी बारीक असतो आणि उजेड बदलला की रंगही बदलतो. म्हणून जुनी माणसं ठरावीक खिडकीशी, ठरावीक वेळेलाच कस लावतात.

यानंतर वितळवणं. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, चांदी 962 ला, तांबं 1085 ला. मूस मातीची किंवा ग्रॅफाइटची. नवी मूस असेल तर आधी सवागी, म्हणजे टाकणखार, टाकून तापवतात. त्याचा काचेसारखा पातळ थर आतून बसला की सोन्याचे कण मुशीच्या छिद्रांत अडकत नाहीत. पूर्वी कोळशाची शेगडी आणि भाता असायचा, मग पंखा आला, मग गॅस, आणि आता मोठ्या दुकानांत विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी. तिच्यात काही मिनिटांत काम होतं. टाकणखाराचं काम मात्र तेच राहिलं आहे. तो वितळून सोन्यावर तरंगतो, हवेशी जळून झालेलं तांब्या-जस्ताचं भस्म स्वतःत ओढून घेतो आणि गार झाल्यावर काळपट काच होऊन बाजूला निघतो. आगीनं होणारी शुद्धी एवढीच. थोडाफार मळ वरच्या वर जातो, आत मुरलेलं तांबं नि चांदी कायम राहते.

मुशीत डोकावून पाहिलं तर वितळलेलं सोनं आरशासारखं गोल होऊन थरथरतं, आणि त्याला किंचित हिरवट झाक असते. कडेनं धूर निघत असेल तर कारागीर मागं सरकतो. तो धूर बहुधा डाकाचा असतो. दागिन्याचे जोड लावायला डाक वापरतात. अनेक वर्षं त्यात कॅडमियम मिसळत, कारण त्यानं डाक कमी उष्णतेत वाहतो आणि सोन्याचा कस फारसा उतरत नाही. 'केडीएम' दागिने म्हणून जे विकले गेले ते हेच. कॅडमियम 767 अंशाला उकळतं, म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ झालेली असते. ती वाफ फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करते. जस्तही 907 अंशाला उकळतं. म्हणून जुनी मोड गाळली की वजन घटतं. गिऱ्हाईकाला वाटतं, दुकानदारानं मारलं. बऱ्याचदा ती घट डाकाची, लाखेची, मळाची असते. एका तोळ्याच्या 96 गुंजा, आणि जुन्या काळी घट गुंजांत सांगायची पद्धत होती. आता ती मिलिग्रॅममध्ये सांगतात.

इथपर्यंत सोनं वितळलं, पण 91.6 चं 91.6 च राहिलं. आता ते 99.5 किंवा 99.9 पर्यंत न्यायचं आहे. आगीचं काम संपतं आणि आम्लाचं सुरू होतं. आगीनं धातू वितळतो, आम्लात तो विरघळतो. गलाईत दोन्ही लागतात, आणि सगळं कौशल्य दुसऱ्यात आहे.

नायट्रिक आम्लात, ज्याला दुकानात तेजाब म्हणतात, चांदी विरघळते, तांबं विरघळतं, सोनं विरघळत नाही. मग 22 कॅरेटचा तुकडा थेट तेजाबात टाकला तर? काहीच होत नाही. वरवरचं थोडं तांबं-चांदी जातं आणि काम थांबतं. डाळिंबाचे दाणे सालीआड आणि पडद्यांआड बंद असतात, तशी आतली चांदी सोन्याच्या अणूंच्या मागं कोंडलेली असते आणि आम्ल तिथवर पोचू शकत नाही. त्यावर उपाय असा की सोन्यात आणखी चांदी घालायची. शुद्ध करायच्या धातूत आधी भेसळ वाढवायची, हे प्रथम ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण गलाईचं मर्म हेच आहे. एक भाग सोन्याला तीन भाग चांदी असं प्रमाण झालं की चांदीचे अणू एकमेकांना लागून सलग साखळी तयार होते. आम्ल त्या साखळीच्या वाटेनं आतपर्यंत शिरतं, सगळी चांदी आणि तिच्याबरोबरचं तांबं बाहेर काढतं आणि मागं सोन्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो.

हिशेब करून पाहू. 100 ग्रॅम 22 कॅरेटची मोड आहे. त्यात सोनं 91.6 ग्रॅम, बाकी 8.4 ग्रॅम तांबं-चांदी. सोनं एक चतुर्थांश व्हायचं तर एकूण वजन 91.6 च्या चौपट, म्हणजे साधारण 366 ग्रॅम हवं. म्हणजे 266 ग्रॅम चांदी घालायची. ही चांदी खर्ची पडत नाही, शेवटी परत मिळते आणि पुढच्या कामाला लागते. दुकानात चांदीचा असा एक साठा कायम फिरता असतो. चांदीऐवजी तांबं घालूनही काम होतं, पण तेवढ्याच वजनाच्या तांब्याला चांदीपेक्षा तिपटीहून जास्त तेजाब लागतं आणि धूरही तितकाच जास्त निघतो.

चांदी-सोनं एकत्र वितळवून नीट ढवळतात. ढवळण्यात कसूर झाली तर एखाद्या कोपऱ्यात सोनं दाट राहतं आणि तिथं तेजाब चालत नाही. मग तो रस पाण्यानं भरलेल्या भांड्यात उंचावरून बारीक धारेनं ओततात. पाण्यात पडताच त्याचा रवा होतो: चपटे, वेडेवाकडे, पोहे-मुरमुऱ्यांएवढे दाणे. लगड तशीच ठेवली तर आम्लाला पृष्ठभाग कमी मिळतो. रवा केला की तो कित्येक पटींनी वाढतो.

रवा काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात घालतात आणि त्यावर आधी पाणी घातलेलं सौम्य तेजाब सोडतात. इथं एक नियम प्रत्येक दुकानात नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगितला जातो: पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीही नाही. भांडं हळूहळू तापवलं की दाण्यांवर बुडबुडे येतात आणि वर तांबूस तपकिरी धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. तासाभरानं धूर ओसरला की पहिलं पाणी ओतून काढायचं, दुसऱ्यांदा अधिक जोरकस तेजाब घालून उकळायचं आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी बहुतेक चांदी जाते. राहिलेली चिवट चांदी नंतरच्या उकळीत निघते, आणि 99 पासून 99.9 पर्यंतचा प्रवास त्या शेवटच्या उकळीतच होतो. घाई करणाऱ्या दुकानाचा माल इथंच उघडा पडतो.

पाणी कोणतं वापरायचं, यालाही महत्त्व आहे. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात मिठाचा अंश असतो. तो विरघळलेल्या चांदीला मिळाला की सगळं दुधासारखं पांढरं होतं, आणि तो पांढरा गाळ सोन्यात मिसळतो. शिवाय तेजाबात मीठ गेलं की ते थोडंफार सोनंही विरघळवायला लागतं, म्हणजे सोनंच पाण्याबरोबर वाहून जायचं. म्हणून आसुत, म्हणजे डिस्टिल्ड पाणी वापरतात. हाच गुण चाचणीलाही उपयोगी पडतो. धुऊन काढलेल्या पाण्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. ढगासारखं पांढरं उमटलं तर चांदी अजून शिल्लक आहे, पुन्हा धुवा. स्वच्छ राहिलं तर धुणं संपलं.

भांड्याच्या तळाशी आता जे उरतं त्याला नवखा माणूस सोनं म्हणणारच नाही. ती तपकिरी, विटकरी, मातकट भुकटी असते, चमक नाही, पिवळेपणा नाही. ती वाळवून टाकणखाराबरोबर पुन्हा मुशीत घातली की वितळताना रंग पालटतो, आणि साच्यात ओतल्यावर पिवळीधमक लगड निघते. आपण 'शंभर नंबरी' म्हणतो ते सोनं या मातकट टप्प्यातून गेलेलं असतं.

आता चांदी. निळसर हिरव्या पाण्यात ती विरघळलेली आहे, दिसत नाही. त्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडतात. थोड्याच वेळात पत्र्यावर राखाडी शेवाळासारखं काहीतरी वाढू लागतं, झाडलं की तळाशी पडतं आणि पाणी गर्द निळं होत जातं. तांबं स्वतः विरघळून चांदीला बाहेर ढकलतं. एक किलो तांबं विरघळलं की जवळजवळ 3.4 किलो चांदी सुटते. ही राखाडी चांदी धुऊन, वाळवून वितळवायची. तिचाही एक खोडसाळ गुण आहे. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट शोषून घेते आणि थिजताना तो एकदम बाहेर टाकते. तेव्हा चांदीचे थेंब उडतात आणि लगडीवर फोड येतात. म्हणून वर कोळशाची भुकटी पसरतात. उरलेल्या निळ्या पाण्यात भंगार लोखंड टाकलं की तांबंही परत मिळतं.

सोन्यात चांदी आधीच कमी असेल तर दुसरी रीत आहे, आम्लराजाची. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल ताजं मिसळलं की सोनंही विरघळतं आणि चांदी पांढरा क्लोराइड होऊन तळाशी बसते. मग त्या सोनेरी पाण्यात हिराकस किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट घालून सोनं भुकटीच्या रूपात पाडतात. 1940 मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं ठेवलेली होती. जॉर्ज द हेवेशी या रसायनशास्त्रज्ञानं ती आम्लराजात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. सैनिकांना ती दिसलीच नाही. युद्धानंतर त्या पाण्यातून सोनं काढून पदकं पुन्हा घडवण्यात आली. विट्याच्या माणसाला यात नवल वाटणार नाही, कारण सोनं विरघळवून परत पाडणं हे त्याचं रोजचं काम आहे.

मोठ्या रिफायनऱ्यांत क्लोरीन वायूची आणि विजेच्या प्रवाहाची पद्धत चालते. ते टनावारी काम आहे, गल्लीतल्या दुकानाचं नव्हे. या सगळ्याच्या आधीची, फार जुनी रीत शिशाची. सोनं शिशाबरोबर तापवलं की शिसं आणि हलके धातू जळून भस्म होतात. हाडांच्या राखेची वाटी ते भस्म शोषून घेते आणि वाटीत सोन्या-चांदीचा मणी राहतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात शिसं घालून सोनं शुद्ध करण्याचा उल्लेख आहे, आणि सोन्याच्या कामाची जागा एकाच दाराची असावी असंही सांगितलं आहे. आजच्या हॉलमार्क केंद्रातली पक्की तपासणी शिशाच्या आणि तेजाबाच्या रीतींची छोटी आवृत्ती आहे. सुमारे पाव ग्रॅम नमुना चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळून वाटीत जाळतात, उरलेला मणी ठोकून-लाटून त्याची सुरळी करतात, ती नायट्रिक आम्लात दोनदा उकळतात आणि उरलेलं सोनं तोलतात. म्हणजे जे काम गलाईवाला किलोत करतो तेच प्रयोगशाळा मिलिग्रॅमात करते. दुकानांतून दिसणारं एक्स-रे यंत्र झटपट आकडा देतं हे खरं, पण ते फक्त पृष्ठभागाचा पातळ थर वाचतं. जाड मुलामा दिलेला दागिना त्याला फसवू शकतो. जुन्या लोकांनी डाग नुसता तावला नाही, सुलाखलाही, म्हणजे भोक पाडून आतला धातू पाहिला, त्याचं कारण हेच. आजही संशय आला तर कापून आतला कस बघणं हाच खात्रीचा मार्ग आहे.

दुकानातला केरही सोडून चालत नाही. कानस मारताना, ओतताना, मूस फुटताना सोन्याचे कण जमिनीवर, चटईवर, कपड्यांवर, हात धुतलेल्या पाण्यात जातात. तो सगळा केर साठवतात, जाळून त्याची राख करतात, दळतात आणि धुतात. सोनं पाण्याच्या 19 पट जड असल्यानं माती वाहून जाते आणि कण मागं राहतात. सोनारांच्या दुकानापुढची माती नेऊन धुणाऱ्या झारेकऱ्यांची पिढीजात कला हीच होती. बारीक कण पकडायला पारा वापरण्याची रीत मात्र बंदच झाली पाहिजे. पाऱ्याची वाफ मेंदू आणि मज्जासंस्थेवर बसते, आणि तिला वासही नसतो.

धोक्यांबद्दल मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. या धंद्यानं घरं बांधली, पोरं शिकवली, गावच्या देवळांचे जीर्णोद्धार केले. त्याचबरोबर छातीचे आजारही घरी आणले. तो तपकिरी धूर लगेच गुदमरवत नाही. माणूस काम उरकून घरी जातो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागतं. लहान, बिनखिडकीच्या खोलीत, ओल्या फडक्याचा बोळा नाकाशी धरून वर्षानुवर्षं काम केलेली माणसं या गावांत आहेत. फडक्यानं हा वायू अडत नाही. धूर ओढून घेणारं धुराडं, त्याच्या वाटेत कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा फवारा आणि आम्लवायूसाठीचा मुखवटा, एवढ्या तीन गोष्टींनी बहुतेक धोका टळतो. त्यांचा खर्च दुकानाच्या एका महिन्याच्या उलाढालीपुढं काहीच नाही. निळं पाणीही गटारात सोडायचं नसतं. त्यातलं तांबं लोखंडावर काढून, चुन्यानं आम्ल मारून मगच ते बाहेर जावं. मुंबईत काळबादेवी-भुलेश्वरच्या दाट वस्तीतल्या सोन्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांवर पालिकेला कारवाई करावी लागली, कारण वरच्या मजल्यांवर माणसं राहत होती. इतर शहरांतही ही वेळ येणार आहे. ती येण्याआधी दुकानं सुधारणं शहाणपणाचं.

दुसरा धोका कायद्याचा. भट्टीत गेलेल्या दागिन्याची ओळख पुसली जाते. घडण, नाव, खूण, सगळं जातं. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक सक्तीचा झाला, तोही वितळला की संपला. त्यामुळे चोरीचा माल कुठं गेला याचा माग काढताना पोलीस गलाईच्या दुकानात येतात. पूर्वी भारतीय दंडसंहितेचं 411 कलम लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 317. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे आणि असावाच. पण परक्या राज्यात, परक्या भाषेत, चोरानं नुसतं नाव घेतलं म्हणून ज्याला उचललं जातं, त्या माणसाकडं दाखवायला कागद नसेल तर त्याचं सांगणं कोण ऐकणार? गलाई बांधव वर्षानुवर्षं ही तक्रार मांडत आले आहेत आणि ती रास्त आहे. कायद्याचा फटका या धंद्याला पूर्वीही बसला आहे. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणानं 14 कॅरेटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी आली तेव्हा देशभरातल्या सोनारांची कामं गेली. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 साली रद्द झाला, तेव्हा कुठं सोन्याचा व्यवहार मोकळा झाला.

आज पुढची पिढी थोडी बदलते आहे. टेंभूच्या पाण्यानं खानापूर-आटपाडीत ऊस आणि द्राक्षं दिसू लागली आहेत, आटपाडीचं डाळिंब तर आधीपासूनच नावाजलेलं आहे. काहींची मुलं रसायनशास्त्र शिकून हॉलमार्क केंद्रं चालवतात, काही अजून काकाच्या दुकानात भट्टीला बसतात. माझं मत असं की विटा किंवा मायणीसारख्या ठिकाणी या कामाचं रीतसर प्रशिक्षण देणारा अभ्यासक्रम हवा: कस, भट्टी, तेजाबाचं काम, धुराची व्यवस्था, हिशेब आणि कायदा, सगळं एकत्र. विद्या गावात आहेच. तिला प्रमाणपत्राची जोड मिळाली तर परराज्यात आपलं माणूस ताठ मानेनं उभं राहील.

वाचकांना एक विनंती. जुना डाग मोडायला द्याल तेव्हा तो तुमच्या समोर तोलून घ्या. खडे नि लाख काढल्यावर पुन्हा तोला, वितळवल्यावर तिसऱ्यांदा तोला, आणि कस विचारा. घट का झाली ते विचारायला संकोचू नका, चांगला गलाईवाला आनंदानं समजावून सांगतो. तुमचं ओळखपत्र मागितलं तर रागावू नका, आणि व्यवहाराची पावती घेतल्याशिवाय दुकानातून उठू नका. ती पावती तुमच्या सोन्याचा हिशेब ठेवते, आणि भट्टीशी बसलेल्या त्या सातारा-सांगलीच्या माणसाचा उद्या बचावही करते.